मुळ्याची कोरियन फोड

मुळशीतून ताम्हिणी घाट उतरलं की खाली विळे-भागाडला पोस्को या कोरियन कंपनीचा पोलाद कारखाना आहे. त्यांच्या देशात मुळ्याला 'मू' म्हणतात, आणि त्याच्या चौकोनी फोडींची किमची, म्हणजे आंबवलेलं लोणचं, ती कक्दुगी. भात-भाकरी बेतानं खाणाऱ्यांनी ती जरूर करून पाहावी. 100 ग्रॅम मुळ्यात कर्बोदकं साधारण साडेतीन ग्रॅम, तेवढ्याच शिजलेल्या भातात 28.

एक किलो मुळ्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. 20 ग्रॅम मीठ चोळून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी निथळा. वाटलेलं आलं-लसूण, कांद्याची पात आणि तिखट लावा. ब्याडगीचं घ्या, रंग सुरेख येतो. बरेच जण साखर घालतात, आपण ती वगळूया. बरणीत दाबून भरा, पण वर दोन बोटं जागा सोडा, आंबताना वायू सुटतो.

आपल्या कोशिंबिरीला आंबटपणा दह्यानं येतो. इथं तो मुळ्यावरचेच जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून आणतात. मला यातलं हेच फार आवडतं! एक दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मात्र चार फोडींवर थांबावं, मीठ बरंच असतं.