विश्वासाचे भांडवल
(वार्षिक संमेलनातील भाषणावरून)



आपल्या कोकणातील तरुण आता घरबसल्या मोबाईलवरून हापूसच्या पेट्या विकू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होणाऱ्या भामट्यांमुळे गिऱ्हाईक प्रामाणिक विक्रेत्याकडेही संशयाने पाहते. त्याची भीती रास्त आहे. तिच्यावर रागावून चालणार नाही.

आपले नाव, पत्ता व परताव्याची अट उघड लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचाही तोच रोख आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतीचा आंबा त्या नावाने विकू नका. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणून खराब फळाची भरपाई आधीच कबूल करा. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे पेटी पोचल्यावर घ्या. ओटीपी कधीही मागू नका.

पालकहो, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, हे ध्यानात ठेवा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या हंगामात नफा थोडा मिळेल. पुढील हंगामात तेच गिऱ्हाईक आपण होऊन विचारील, "यंदा पेटी कधी पाठवता?" तीच तुमची खरी कमाई होय.