गवंड्याचे हात

दिवाळीला गांवीं गेलेल्या गवंड्याचे भेगाळलेले हात पंधरा दिवसांत मऊ पडतात. शहरांतील कामावर परत येऊन आठवडा होतो न होतो तोंच बोटांच्या बेचक्यांत पुन्हां खाज सुटते. घरचीं माणसें म्हणतात, शहराचें पाणी बाधतें. मुकादम म्हणतो, रक्त बिघडलें आहे. दोघांच्याही डोळ्यांसमोर खरें कारण घमेल्यांत भरलेलें असतें, आणि तें त्यांस दिसत नाहीं. दिवसभर थापीनें भिंतीवर मारावयाचा तो ओला मालच या विकाराचें मूळ होय.

इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनीं इ. स. १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वैद्यानें रोग्याच्या धंद्याचीही विचारपूस करावी, असें त्यांत सुचविलें. तीन शतकें लोटलीं, तरी खाजेची तक्रार सांगणाऱ्या मजुराला बहुधा मलमाची नळी मिळते. धंद्याची चौकशी मागेंच राहते. वास्तविक सुट्टींत उतार पडतो आणि कामावर विकार उलटतो, ही एवढीशी खूण वैद्याला पुष्कळ कांहीं सांगून जाते.

सिमेंटांत पाणी पडलें कीं त्याचा गुण चुन्यासारखा तीव्र दाहक होतो. त्यांत गुडघे टेकून फरशी बसविणारा, किंवा गमबुटांत माल शिरलेला असतांही स्लॅबवर उभा राहणारा मजूर प्रारंभीं कांहींच तक्रार करीत नाहीं. कारण हा दाह तत्काळ दुखत नाहीं. कित्येक तासांनीं कातडी काळीनिळी पडते, फोड येतात, आणि जखम खोल गेलेली आढळते. म्हणून ओला कपडा वा बूट दुखण्याची वाट न पाहतां लागलीच काढावा आणि तो भाग निदान वीस मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धरावा.

दुसरा प्रकार सौम्य, पण सार्वत्रिक. वाळूचें घर्षण आणि मालाचा दाह यांनीं कातडीचें तेल जातें, ती रुक्ष होते, भेगा पडतात. घमेलीं वाहणाऱ्या स्त्रियांचे अनवाणी पाय याची साक्ष देतील. हा विकार विश्रांतीनें व तेलानें आवरतो.

खरा घातक तो तिसरा. सिमेंटांत क्रोमियम या धातूचा एक विद्राव्य प्रकार अत्यल्प प्रमाणांत असतो. रसायनशास्त्रांत त्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. महिनोन् महिने, कधीं कित्येक वर्षें, तो भेगांतून आंत शिरत राहतो. गवंड्याला कांहींही होत नाहीं. मग एके दिवशीं शरीर त्याला शत्रु म्हणून ओळखूं लागतें, आणि ही ओळख बहुधा जन्मभर पुसत नाहीं. मग लेशमात्र स्पर्शानेंही पुरळ उठतें, लस वाहते, विकार मनगटापासून कोपरापर्यंत चढतो. वीस वर्षांचा कसबी कारागीर अशा वेळीं धंद्यालाच मुकतो. कित्येक जण तें गजकर्ण समजून दुकानांतून मिश्र मलम आणतात. त्यांतील स्टेरॉइडनें चार दिवस बरें वाटतें, आणि तेवढ्यांत दुखणें मुरतें. खरी परीक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे होते: पाठीवर द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनीं त्या काढतात आणि पुढें एकदोन दिवसांनीं कातडी पुन्हां तपासतात.

यावरील उपाय मात्र फार स्वस्त आहे. सिमेंटांत हिराकस मिसळला असतां क्रोमियमचें रूप पालटतें आणि तें कातडींत सहजीं शिरत नाहीं. डेन्मार्कनें १९८३ मध्यें असा कायदा केला, आणि तेथील गवंड्यांतला हा विकार ओसरत गेला. युरोपीय संघांत २००५ पासून सिमेंटांतील या क्रोमियमचें प्रमाण दहा लाखांत दोन भागांहून अधिक नसावें, असा दंडक आहे. गिऱ्हाइकें पोत्यावरचा भाव पाहतात आणि माल किती घट्ट धरतो तें विचारतात. हा प्रश्न विचारणारा विरळाच.

तोंवर गवंड्याला स्वतःचे हात स्वतःच राखावे लागतात. सुती व चामडी हातमोजे मालाचें पाणी शोषून तें कातडीशींच धरून ठेवतात. ते घालण्यापेक्षां न घातलेले बरे. लांब बाह्यांचे रबरी किंवा नायट्राइलचे मोजे घ्यावे, आणि धुतलेल्या, कोरड्या हातांवरच चढवावे. गमबुटावरून विजार बाहेर सोडावी, म्हणजे माल आंत उतरत नाहीं. बोटांतली अंगठी कामापूर्वीं काढावी. तिच्याखालीं माल साचतो. हात रॉकेलनें वा वाळूनें घासण्याची रीत तर सर्वस्वी सोडावी. साधें पाणी भरपूर वापरावें, आणि दिवस संपल्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावें. कामापूर्वीं तेल लावलें म्हणजे चिलखत चढलें, ही समजूत मात्र खोटी आहे.

ज्याला क्रोमियमची बाधा एकदां जडली, त्याला ओल्या सिमेंटापासून दूर नेणें हेंच मुकादमाचें कर्तव्य ठरतें. सळया बांधणें, सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणें अशीं कामें त्याच इमारतीवर असतात. त्यानें पायताणाकडेही लक्ष द्यावें. आजचें बरेंचसें चामडें क्रोमियमच्याच क्षारांनीं कमावलेलें असतें. आणि माल हातीं धरण्याचें सोडूनही ज्याच्या पावलांची खाज जात नाहीं, त्याची चप्पल तपासावयास हवी.