माझी रोजची वही



चिटणीसबाईंच्या आग्रहास्तव मी चार शब्द बोलायला उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगता यायचे नाही. मी रात्री वही लिहिते, तेवढे सांगते.

सुरुवात दुधाच्या हिशेबाने झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आपण सगळ्याच मांडतो. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा औषध किती वाजता दिले, पोटात काय गेले, हेही मी त्याच चौकोनात लिहू लागले. चौकोन पुरेना, म्हणून धाकट्याच्या वह्यांतली कोरी पाने काढून दाभणाने शिवली. पंधरा दिवस नुसती औषधेच. मग एका रात्री लिहिले, 'आज मी त्यांच्यावर ओरडले.' एवढेच. पण त्या रात्री मला झोप लागली.

सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. बोलता बोलता मी म्हणून गेले, "आजारपणात तुम्ही एकदाही फिरकला नाहीत." त्या काही बोलल्या नाहीत, नुसते डोळे पुसले. त्या गेल्यावर मी वही काढली. माझ्याच अक्षरात होते, 'जाऊबाई तीन दिवस राहिल्या. मला दुपारी झोपू दिले.' पुढे दिवाळीनंतर पुन्हा तसेच. खरे सांगते, मला काही आठवत नव्हते! दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "ते पान वाचून दाखव." दोनदा वाचायला लावले.

काहीजणी म्हणतात, आम्हाला लिहायला कुठे येते? लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला शिकल्या आणि १९३४ साली त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग निघाला. आपल्याला कुठे पुस्तक काढायचे आहे? एक ओळ पुरे. शुद्धलेखन तपासायला कोणी येत नाही. चार दिवस खाडा पडला तर पडू द्या, दूधवाल्याचा नाही का पडत? मात्र दिवसाची तारीख घाला, आणि आपली चूक असेल तर तीही लिहा. ते जड जाते.

वही मी गव्हाच्या डब्यामागे ठेवते. यजमानांना ठाऊक आहे, पण ते वाचत नाहीत. म्हणतात, त्यात आमच्याच तक्रारी असणार. (असतातही.)

काल रात्री लिहिले आहे, 'उद्या भाषण. हात कापतात.' आजचे घरी गेल्यावर लिहीन.