दुसऱ्याचे वर्णन, आपली ओळख

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानसत्रातील भाषण)



आत्मज्ञान म्हटले की डोळे मिटून बसलेला माणूस आपल्यापुढे उभा राहतो. साहित्याचा विद्यार्थी मात्र डोळे उघडे ठेवून त्याच वाटेने जातो. एखादा लेखक दुसऱ्या माणसाविषयी जे वाक्य लिहितो, त्यात त्या दुसऱ्याची थोडी माहिती असते आणि लिहिणाऱ्याची बरीच. समीक्षक ही दुसरी माहिती लेखकाकडून काढून घेतो. आपण सगळे दिवसभर दुसऱ्यांविषयी बोलत असतो. त्या बोलण्यातून आपलीच माहिती आपल्याला काढता येईल का, हा आजचा माझा प्रश्न आहे.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. 'जग हा आरसा आहे' असे आपण सहज म्हणतो. ते पूर्ण खरे मानले तर समोरचा माणूस नाहीसाच होतो आणि जिकडेतिकडे आपणच उरतो. ते आत्मज्ञान नव्हे, आत्ममग्नता झाली. म्हणून वर्णनातला त्याचा भाग कोणता आणि माझा भाग कोणता, हे वेगळे करावे लागते. ते कसे करायचे, हे मराठीतल्या तीन पुस्तकांच्या आधाराने पाहू.

पहिले पुस्तक आपल्या या मुलखाशी जोडलेले आहे. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे चांगली दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी लिहिलेली हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. इतिहासाचे अभ्यासक तिच्यात झाशी शोधतात. मला तिच्यात झाशीइतकेच गोडसेभटजीही दिसतात. धर्मकृत्ये, दानदक्षिणा, देवळे, दरबारचा थाट यांचे तपशील ते बारकाईने देतात, कारण त्यांची नजर तशी घडलेली आहे. पण झाशी पडते, गोरे शिपाई शहरात शिरतात, तेव्हा हाच भिक्षुक जीव मुठीत धरून लपलेला असतो. तहान, भीती आणि रस्त्यातली प्रेते यांविषयी तो लिहितो, तेव्हा त्याच्या नजरेतले भिक्षुकाचे मोजमाप सैल झालेले असते. यातून पहिली कसोटी मिळते: दुसऱ्याकडे पाहताना मी काय मोजतो? घर पाहून आल्यावर कोणी फरशीचे सांगतो, कोणी पुस्तकांच्या कपाटाचे, तर कोणी चहा कोणत्या कपातून दिला त्याचे. मोजलेल्या वस्तू यजमानाच्या असतात, मोजपट्टी आपली असते.

दुसरे पुस्तक पंडिता रमाबाईंचे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी लिहिलेले प्रवासवृत्त १८८९ साली मराठीत आले. त्या अमेरिकेचे कौतुक करतात, विशेषतः तेथील स्त्रियांच्या शिक्षणाचे आणि संघटनेचे. परंतु कौतुकाच्या भरात तेथल्या काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ती त्यांना का दिसली? घरी त्यांनी जातिभेद पाहिला होता. एकदा पाहिलेली गोष्ट वेगळ्या वेषातही ओळखू येते.

'दुसऱ्यातला जो दोष आपल्याला खटकतो, तो आपल्यातच असतो' असे हल्ली फार ऐकू येते. ते नेहमी खरे नसते. ज्याने चटका सोसला आहे, त्यालाही विस्तव ओळखता येतो. म्हणून दुसरी कसोटी मी अशी मांडतो: हा दोष ओळखायला मी कोठे शिकलो? करून शिकलो, सोसून शिकलो, की शेजारी उभा राहून पाहत शिकलो? तीन उत्तरांतून तीन वेगळी माणसे निघतात. आणि प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर कधी कधी तिन्ही एकाच माणसात सापडतात.

तिसरे पुस्तक 'बलुतं'. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सांगणारा दगडू आहे आणि ऐकणारा शिकलासवरलेला दया पवार आहे. माणूस एकच, पण त्याने स्वतःला दुसरा करून समोर बसवले. स्वतःकडे असे पाहता येणे ही या विषयातली फार वरची पायरी. पण या पुस्तकाने आणखी एक काम केले. आपले मराठी वाङ्मय दीर्घकाळ काहींनी पाहायचे आणि काहींनी पाहिले जायचे अशा व्यवस्थेत वाढले. 'बलुतं'मुळे पांढरपेशा वाचकाला आपण कोणाला कसे दिसतो हे कळले. गावात वाड्याच्या आतल्यांना बाहेरच्यांची फारशी माहिती नसे, पण बाहेरच्याला वाड्याची खडान्‌खडा माहिती असे, कारण त्याचे जगणे त्यावर अवलंबून होते. तेव्हा तिसरी कसोटी अशी: मी ज्याच्याकडे पाहतो, त्याला मी कसा दिसतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय पहिले दोन प्रश्न अर्धेच राहतात.

आता आपल्या घरात येऊ. मी पदवीच्या वर्गाला दरवर्षी एक लेखन देतो: रोज भेटणाऱ्या एका माणसाविषयी दहा वाक्ये लिहा. मग पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींखाली एक रेघ मारायची आणि आपल्या मताखाली दोन. बहुतेक वह्यांत दुहेरी रेघाच जास्त निघतात. एका विद्यार्थिनीने दारावर येणाऱ्या भाजीवालीविषयी लिहिले होते, 'तिला मराठी येत नाही.' खाली दोन रेघा मारायच्या की एक, यावर वर्गात वाद झाला. तिच्याच गल्लीत राहणारा एक मुलगा म्हणाला, 'पण मराठी घरांपुढे ती कोथिंबीर म्हणते, धनिया म्हणत नाही.' वर्ग थोडा वेळ शांत होता. माळवी बोलणाऱ्या त्या बाईने गिऱ्हाइकांसाठी मराठी शब्द उचलले होते. तीन पिढ्या इथे राहिलेल्या त्या विद्यार्थिनीच्या घरात माळवीतले एक वाक्यही कोणाला धड येत नव्हते. भाषा न येण्याची नोंद मात्र भाजीवालीच्या नावावर झाली होती.

ही गोष्ट एका मुलीची नाही, आपल्या समाजाची आहे. पुण्याचा पाहुणा आपले हिंदी वळणाचे मराठी ऐकून हसतो, तेव्हा आपल्याला लागते. आपण होळकर-शिंद्यांच्या काळापासूनचा इतिहास त्याला ऐकवतो. आणि संध्याकाळी घरी नातू 'आजोबा, मी खेळायला जाऊन राहिलो' म्हणाला की आपणही तसेच हसतो, नाहीतर त्याला रागावतो. पाहुण्याची नजर आपण उसनी घेतली आणि नातवावर लावली. दोन-चार वेळा असे झाले की मूल हिंदीत बोलू लागते, कारण हिंदीत त्याला कोणी हसत नाही. मग आपण म्हणतो, 'काय करणार, वातावरणच हिंदी आहे.' वातावरणाचा वाटा मी नाकारत नाही. शाळा बंद पडल्या, वर्ग कमी झाले, हे खरेच आहे. पण त्यात आपल्या हसण्याचा वाटा किती, हेही पाहायला हवे.

याच मुलखातल्या दोन भावांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली श्योपूरचा, ते हिंदीचे मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. गजानन माधवांविषयी आपल्या सभांतून दोन वाक्ये ऐकू येतात: 'आपला माणूस हिंदीत गेला' आणि 'आपल्या माणसाने हिंदीला केवढे दिले'. कवी तोच, कविताही तीच. पहिल्या वाक्यात हिशेब गमावण्याचा आहे, दुसऱ्यात देण्याचा. आपण कोणते वाक्य उच्चारतो, यावरून आपला समाज स्वतःला आक्रसत चाललेला समजतो की देण्याजोगे काही जवळ असलेला समजतो, ते कळते. अशा वेळी कवीविषयी बोलता बोलता आपण आपल्याच भवितव्याविषयी बोलून जातो.

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. व्यक्तिचित्रण हा आपल्या अभ्यासक्रमातला घटक आहे. तो गुणांपुरता शिकवू नका. विद्यार्थ्यांना दोन रेघांचा प्रयोग करू द्या, आणि वर्षाने त्यांनाच तो मजकूर पुन्हा वाचायला सांगा. तोवर समोरचा माणूस फारसा बदललेला नसतो. बदललेल्या रेघा लिहिणाऱ्याच्या असतात, आणि त्या त्याला कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. लेखक मित्रांसाठी प्रश्न याहून कठीण आहे. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्यासमोर बसून ते त्याला वाचून दाखवता येईल का? स्तुती असो वा टीका, वाचताना आवाज कोठे अडखळतो ते ऐकावे. तेथे खूण करून ठेवावी आणि पुढचे लेखन तेथून सुरू करावे.