सरपण, आवार आणि छोटा लोडर



बंगळूरच्या राजाजीनगरात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाची पूर्वी एका पाटीपाशी हमखास फसगत होत असे. कन्नडमध्ये सरपणाला 'सौदे' म्हणतात. 'सौदे डिपो' ही अक्षरे वाचून हे एखाद्या दलालाचे दुकान असावे अशी त्याची समजूत व्हावी, आणि आत डोकावताच सुरूचे आणि निलगिरीचे ओंडके दिसावेत! घरोघर गॅस आला आणि अशा वखारी विरळ झाल्या. तरीही सरपण संपलेले नाही. मंगल कार्यालयाची चूल, भट्टीवरची बेकरी आणि शहराबाहेरच्या घरांतील न्हाणीचा बंब यांना ते लागतेच. १९८३ साली अमूल्यकुमार रेड्डी आणि त्यांचे सहकारी सुधाकर रेड्डी यांनी या शहरातील सरपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाजाच्या कोणत्या थरात किती लाकूड जळते, हा त्याचा विषय होता. लाकूड वाहणाऱ्याची पाठ किती झिजते, हा प्रश्न मात्र तितकाच महत्त्वाचा असूनही सहसा कोणी विचारीत नाही.

१९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडील हमालाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण हिशेब करून पाहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ टन लाकूड आले आणि माणसाने खेपेला ३० किलो उचलले, तर १०० खेपा होतात. यंत्राने ३०० किलो उचलले तर १०. हा फरक मोहात पाडणारा आहे, आणि म्हणूनच सावधपणे पाहण्याजोगा आहे.

माझे एक शेजारी निवृत्त झाले. मागडीच्या बाजूला त्यांची तीन एकर जमीन आहे आणि तिच्या बांधावर जुनी निलगिरी. २०१७ साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीला मनाई केली. परंतु जुनी निलगिरी तोडली तरी बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे काही वर्षांनी लाकूड पुन्हा उभे राहते. शिवाय शेणखत पसरणे, माती ओढणे, दगड हलवणे ही कामे आहेतच. भविष्यनिर्वाह निधीतून एखादा छोटा लोडर घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. आयुष्यभराची पुंजी एका यंत्रात घालावयाची, तर निवड डोळसपणे व्हावयास हवी.

आपल्याकडे मागे खोदणारा आणि पुढे भरणारा हात असलेल्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला 'जेसीबी' म्हणण्याचा प्रघात आहे. ती कंपनी १९७९ साली भारतात आली आणि तिचे नाव सामान्यनामच होऊन बसले. हे यंत्र सात-आठ टनांचे. विहिरीचा गाळ काढावयास किंवा रस्ता करावयास ते उत्तम. पण ते तासाच्या भाड्याने मिळते. वर्षाकाठी दोन-चार दिवसांच्या कामासाठी ते दारात बांधून ठेवणे म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी हत्ती पाळण्यासारखे आहे.

दुसरे यंत्र म्हणजे स्किड-स्टिअर लोडर. याचा जन्म अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोथसे या लहानशा गावी झाला. लुई आणि सिरिल केलर या बंधूंचे तेथे दुरुस्तीचे वर्कशॉप होते, आपल्या राजाजीनगरच्या गल्ल्यांतून असते तसेच. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातील घाण उपसावयाची होती. यंत्र खांबांमधून वळावे आणि माडीवर नेता येईल इतके हलके असावे, ही त्याची अट. १९५७ साली केलरबंधूंनी तीन चाकांचे यंत्र करून दिले. १९६० साली मेलरो कंपनीने त्याला चौथे चाक दिले आणि १९६२ पासून ते 'बॉबकॅट' या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्याच्या चाकांना वळण नसते. बैलगाडी जागच्या जागी वळवताना आपण आतला बैल थांबवतो आणि बाहेरचा चालता ठेवतो, तीच ही युक्ती. पण गाडीला दोनच चाके. येथे चार, त्यामुळे वळताना ती जमिनीवर घासतात. फरसबंद वखारीत टायर झिजतात. ओल्या शेतात माती उखडते. म्हणून वखारीतल्या अरुंद जागेत हे यंत्र शोभते, बागेत नव्हे.

आता वजनाचा मुद्दा. माहितीपत्रकात दोन आकडे असतात. एक, ज्या भाराला यंत्र पुढे कलंडू लागते तो. दुसरा, रोजच्या वापराचा सुरक्षित भार. चाकांच्या स्किड-स्टिअरमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा धरतात. विक्रेता पहिला आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा आपण विचारावयाचा. त्यातही भार पुढच्या आसापासून जितका दूर, तितके त्याचे ओढणे अधिक; बादलीऐवजी लांब काटे लावले की तेच लाकूड जड होते.

बादलीने ओतलेल्या लाकडाचा ढीग होतो, आणि ढिगात वारा खेळत नाही. लाकूड वाळावयाचे तर रचावे लागते. त्यापेक्षा लोखंडी जाळीचे पिंजरे करावेत, त्यांत एकदाच रचावे आणि काट्यांनी उचलून न्यावे. मात्र एक घनमीटरच्या पिंजऱ्यात निलगिरीचे ओले लाकूड सहाशे किलोंच्या पुढे सहज जाते. चारशे किलो उचलणाऱ्या यंत्राला तो अर्धाच भरावयास हवा.

शेजाऱ्यांना मी सुचविले ते चारही चाकांना जोर असलेला छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर जोडलेला. तो कमी उचलतो हे खरे. पण मागे नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली काहीही लागते, आणि तालुक्याच्या गावी त्याला मिस्त्री मिळतो. पुढे भार घेताना मागच्या बाजूला पुरेसे वजन बांधलेच पाहिजे, नाहीतर मागची चाके उचलली जातात. उलटल्यास रक्षण करणारी चौकट आणि पट्टा यांवर काटकसर नको. भार घेऊन चालताना बादली जमिनीलगत ठेवावी, आणि उचललेल्या हाताखाली कोणी कधीही उभे राहू नये.

त्यांनी कागदावर वर्षाचा हप्ता, विमा, डिझेल आणि दुरुस्ती मांडली, कामाच्या तासांनी भागले आणि भाड्याच्या दराशी ताडून पाहिले. नुसत्या सरपणावर गणित जुळेना. खत, नांगरट आणि दोन शेजाऱ्यांची ट्रॉली धरली तेव्हा कुठे जुळले. आता तुमकूर रस्त्यावर दर दोन वर्षांनी भरणारे 'एक्सकॉन' प्रदर्शन त्यांना पाहावयाचे आहे. मी म्हटले, जरूर पाहा. पण पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला यंत्र घेऊन मागडीला बोलवा, आणि भरलेला पिंजरा तुमच्याच उतारावर, तुमच्याच मातीत, उचलून दाखवावयास सांगा.