सगळ्यांच्या पानावर आपली पाटी नको

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 आम्ही पुणतांब्याच्या बचत गटांतल्या बाया.

एरवी आम्ही या कार्यक्रमात गटाच्या कामाबद्दल बोलतो. कर्ज, परतफेड, पापड-शेवयांची विक्री. आज मात्र आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहोत. चूक झाली मोबाईलवर, पण तिचा त्रास झाला एका गरोदर लेकीला. म्हणून सांगितलीच पाहिजे.

जानेवारीत मराठी भाषेचा पंधरवडा असतो. त्या वेळी जवळच्या एका कॉलेजात विकिपीडियावर मराठीत कसं लिहायचं, ते शिकवणार होते. आमच्या गटांतल्या चौघी गेलो. विकिपीडिया म्हणजे इंटरनेटवरचा मोठा ज्ञानकोश. तो २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठीत आला. वाचायला पैसे पडत नाहीत. आणि विशेष म्हणजे त्यात तुम्ही-आम्ही कुणीही भर घालू शकतो.

तिथले शब्द ऐकून आम्हाला घरच्यासारखं वाटलं. लिहायचा सराव करायचा ती जागा 'धूळपाटी'. सगळ्यांनी मिळून बोलायचं ती 'चावडी'. प्रत्येक लेखाला एक 'चर्चा' पान असतं. आणि 'इतिहास' उघडला की कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, सगळं तारखेवार दिसतं. आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीसारखंच.

परत येताना एसटीतच आमचं ठरलं. आपल्या बायांचा रोजचा विषय कोणता? अंगात रक्त कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला. आणि आमच्या गटाचे अळीव-नाचणीचे लाडू तर आठवडी बाजारात चांगले खपतात. मग काय, त्याच रात्री रक्तक्षयाच्या पानावर आम्ही लिहून टाकलं की आमच्या गटाचे लाडू रोज दोन खाल्ले तर महिन्याभरात रक्त वाढतं. खाली गटाचं नाव घातलं, फोन नंबर घातला. आणि त्या पानाचा फोटो काढून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला, "आपला लाडू विकिपीडियावर!"

दुसऱ्या दिवशी बघतो तर ओळी गायब. कुणीतरी काढल्या होत्या आणि कारण दिलं होतं, जाहिरात आहे, संदर्भ नाही. आम्ही पुन्हा घातल्या. पुन्हा निघाल्या. आम्हाला राग आला. मोठ्या कंपन्या दिवसभर टीव्हीवर ओरडतात ते चालतं, आणि चार बायांनी दोन ओळी लिहिल्या तर खुपतं काय, असं आम्ही म्हणालो. खोटं कशाला बोलावं?

राग उतरायला दीड महिना लागला. तो कसा उतरला ते ऐका.

आमच्याच भागातल्या एका घरची सून सहा महिन्यांची गरोदर होती. आधीच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.६ होतं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तिला गोळ्या चालू होत्या. पुढच्या तपासणीला आकडा वाढायला हवा होता, तो ८.४ वर आला. आशाताई घरी गेल्या आणि त्यांनी गोळ्यांची पाकिटं मागितली. पाकिटं जवळजवळ भरलेली. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून सून घाबरली होती. आणि सासूबाईंनी मोबाईल पुढं केला, "हे बघा, विकिपीडियात आलंय, लाडवानं रक्त वाढतं. मग गोळ्या कशाला?" तो आमचाच फोटो होता. पानावरून ओळी कधीच निघाल्या होत्या, फोटो मात्र फिरत राहिला. सासूबाईंनी लाडूही आमच्याकडूनच नेले होते, दोन किलो, रोख पैसे देऊन. सुनेवर मायाच होती त्यांची.

आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. चूक आमची आहे, असं उंबऱ्यातच सांगितलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आकडा हळूहळू वर आला, दवाखान्यात बाळंतपण झालं. माय-लेकरू सुखरूप आहेत. पण ते मधले दिवस आम्ही विसरलो नाही.

आता लाडू वाईट आहे का? मुळीच नाही. अळीव, नाचणी, गूळ हा चांगलाच आहार आहे. पण गरोदर बाईचा रक्तक्षय नुसत्या लाडवानं भरून निघत नाही. म्हणून तर 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ च्या सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, अशी १८० दिवस द्यायची असं ठरलेलं आहे. हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. पण लिहिताना आमचं लक्ष वाचणाऱ्या बाईकडं नव्हतं, लाडवाच्या डब्याकडं होतं. स्वतःची जाहिरात करताना असं होतं. खोटं बोलायचं नसतं, तरी अर्धंच बोललं जातं.

मग आम्ही विकिपीडियाचे नियम नीट वाचले. ते आम्हाला जात्यावरच्या ओवीसारखे वाटले. ओवी आजीनं म्हटली, आईनं त्यात भर घातली, आत्यानं शब्द बदलला. ती सगळ्यांची झाली. तिच्यात कुणी आपलं दुकान घातलं नाही.

दुसरं एक उदाहरण सांगतो. आपला मराठी विश्वकोश आहे, वाईचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याचं काम उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला. त्यात नोंद जाणकार लिहितो आणि शेवटी त्याचं नाव असतं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे कोण सांगतंय. विकिपीडियाच्या लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. मग विश्वास कशावर ठेवायचा? संदर्भावर. म्हणूनच तिथं विचारतात, हे कुठल्या पुस्तकात आहे, कुठल्या अहवालात आहे? "आमच्या गिऱ्हाइकांना गुण आला" हा संदर्भ होत नाही. एकट्या डॉक्टरचा अनुभवही होत नाही. आजाराबद्दल लिहायचं तर जागतिक आरोग्य संघटना, सरकारी मार्गदर्शक सूचना, वैद्यकीय पाठ्यपुस्तकं, किंवा अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेला आढावा, असा भक्कम आधार लागतो.

आता कामाच्या गोष्टी. तुमच्या गटातल्या शिकलेल्या मुली असं काही लिहायला घेतील, तेव्हा त्यांना या पाच गोष्टी सांगा.

पहिली. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, या ओळीनं माझा काही फायदा होतो का? माझा माल, माझ्या भावाचं मेडिकल, माझ्या मुलीचा दवाखाना, मी जिथं नोकरी करते ती संस्था. याला हितसंबंध म्हणतात. तो असणं हा गुन्हा नाही, लपवणं वाईट. असा विषय असेल तर लेखाला हात लावू नका. चर्चा पानावर जा, आपण कोण ते सांगा आणि लिहा, "ही माहिती घालावी असं वाटतं, हा संदर्भ, बाकीच्यांनी ठरवावं." कर्ज मंजूर करताना जिचा अर्ज असतो ती बाई त्या विषयापुरती बाजूला बसते ना? तसंच. आणि कुणी लिहायचे पैसे देत असेल तर ते उघड सांगणं विकिपीडियाच्या अटींत २०१४ पासून बंधनकारक आहे.

दुसरी. आजाराच्या पानावर फोन नंबर, पत्ता, किंमत, 'सर्वोत्तम', 'हमखास', 'शंभर टक्के गुण' असलं काही नको. जाहिरात नेहमी फोन नंबरासकटच येते असंही नाही. फोटोत मागं दवाखान्याची पाटी, दहा लेखांत एकाच डॉक्टरच्या पुस्तकाचा संदर्भ, ही पण जाहिरातच. आणि आपलंच लिहिलेलं उचलून धरायला दुसऱ्या नावानं खातं उघडणं तर सरळ फसवणूक.

तिसरी. स्वतःवर किंवा आपल्या संस्थेवर आपणच लेख लिहू नये. विकिपीडिया बघतं की आपल्याशी संबंध नसलेल्या लोकांनी त्या विषयावर नीट लिहिलंय का. याला उल्लेखनीयता म्हणतात. २०१७ च्या जूनमध्ये आपल्या पुणतांब्यातून शेतकरी संप उभा राहिला, वर्तमानपत्रांनी रोज लिहिलं, म्हणून तो विषय कोशात बसतो. आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० ला तिथं काम सुरू केलं, खेड्यातल्या साध्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरच्या लोकांनी येऊन ते काम पाहिलं आणि त्यावर लिहिलं. आधी काम झालं, मग दुसऱ्यांनी लिहिलं, मग ते कोशात आलं. आम्ही उलटीकडून निघालो होतो.

चौथी. विकिपीडिया वाचून औषध सुरू किंवा बंद करायचं नसतं. तिथंच स्पष्ट लिहिलंय की हा वैद्यकीय सल्ला नाही. म्हणून आपणही 'इतके दिवस इतकं घ्या' असं लिहू नये. आजार काय, लक्षणं काय, कुणाकडं जावं, एवढं सांगावं.

पाचवी. आपली ओळ कुणी काढली तर भांडू नका, पुन्हा पुन्हा घालू नका. चर्चा पानावर कारण विचारा. आमच्या ओळी काढणारा माणूस कोण, कुठला, आम्हाला आजही माहीत नाही. तेव्हा आम्ही त्याला नावं ठेवली, आता त्याचे आभार मानतो.

तुम्ही म्हणाल, मग आपला माल विकायचाच नाही का? विका की! बाजारात पाटी लावा, गटाच्या फेसबुक पानावर फोटो टाका. ती आपली जागा आहे. तिथं येणाऱ्याला माहीत असतं की ही विकायला बसलीय. पण तिथंही 'आजार बरा करतो' असं म्हणू नका. खाण्याच्या पदार्थावर असा दावा करायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. आम्ही आमच्या डब्यावरचं 'रक्तवर्धक' काढून टाकलं. आता नुसतं 'अळीव-नाचणी लाडू' एवढंच आहे. खप होता तेवढाच आहे.

डॉक्टरांनाही हे लागू आहे बरं का. स्वतःची जाहिरात करू नये असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. मग तीच जाहिरात कोशाच्या पानात लपवून घातली तर ती चांगली कशी होईल?

मैत्रिणींनो, आमच्या गावात गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांची गोष्ट आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक, मागं शिष्यांचा मोठा मेळा, असे ते ज्ञानदेवांना भेटायला निघाले. आणि ही भावंडं साध्या भिंतीवर बसून सामोरी आली. एवढा थाटमाट तिथं फिका पडला. पुढं त्याच चांगदेवांनी धाकट्या मुक्ताईला गुरू केलं. आमच्या फोटोचा थाट आठवला की आम्हाला आता ही गोष्ट आठवते.

नंतर आम्ही पुन्हा धूळपाटीवर बसलो. आशाताईंना विचारलं, सरकारी पुस्तिका समोर ठेवली. आणि रक्तक्षयाच्या पानासाठी साधी तीन वाक्यं लिहिली. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. गोळीबरोबर किंवा जेवणाला लागून चहा घेतला तर लोह अंगी कमी लागतं. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते जास्त लागतं. खाली संदर्भ दिला. लाडवाचं नाव नाही, गावाचं नाही, आमचं नाही. आम्ही लाडू विकतो हे चर्चा पानावर आधी सांगून ठेवलं.

ती वाक्यं कुणी काढली नाहीत. कुठंतरी एखादी सून रात्री मोबाईलवर ती वाचेल आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेईल. ती कुणी लिहिली हे तिला कळायची गरज नाही.

जाता जाता एक विनंती. आमच्या लाडवाचा तो जुना फोटो तुमच्यापैकी कुणाच्या मोबाईलमध्ये अजून असेल, तर आत्ता काढून टाका. आणि तो ज्यांना पुढं पाठवला असेल, त्यांनाही फोन करून सांगा, की गोळी थांबवायची नाही.