कुलूप, वॉर्ड ऑफिस आणि सहा महिने
(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी नामवंत वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने मला उभं केलं. मी वकील नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला वीस-एक वर्षं झाली. अर्ज लिहिणं, पोच घेणं आणि फायलीमागे फिरणं एवढंच मला येतं. त्याच हुशारीने मी आमच्या एका काकूंचं नुकसान केलं. तेच आज सांगणार आहे.

काकू दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होत्या. लग्न होऊन आल्या त्याच घरात. काका गेले, पुढे वाडा दुसऱ्याने विकत घेतला. आधी भाड्याची पावती मिळेनाशी झाली, मग जिन्यातला दिवा गेला, मग नळ बंद. काकू पंधरा दिवस लेकीकडे सुरतेला गेल्या. परत आल्या तर दाराला भलतंच कुलूप, आणि भांडी-अंथरुणं चौकात.

मला फोन आला. मी म्हटलं, "काकू, काळजी करू नका, मी महापालिकेत अर्ज देतो." वॉर्ड ऑफिसात अर्ज, नगरसेवकांना अर्ज, मग स्मरणपत्रं. सगळ्यांच्या शिक्क्यासकट पोचा माझ्याकडे आहेत. चौकीत सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे. सातव्या महिन्यात एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, "कुलूप कोणत्या तारखेला लागलं?" तारीख ऐकून त्यांनी माझी फाईल मिटून ठेवली.

१९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यात सहावं कलम आहे. तुमच्या ताब्यातलं घर कोणी तुमच्या संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून काढून घेतलं, तर फक्त ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावता येतो. मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात येतच नाही. घरमालकाविरुद्धसुद्धा हा दावा चालतो. अट एकच, सहा महिन्यांच्या आत. तेवढ्या काळात मी पोचा गोळा करत होतो. त्यानंतर वाट बंद होत नाही, पण लांबते. भाडेकरू असल्याचं सगळं शाबीत करत बसावं लागतं. काकू सत्तरीच्या. त्यांनी मालकाने देऊ केलेली थोडी रक्कम घेतली आणि सुरतेला लेकीकडे गेल्या.

आपल्या पोरांपैकी बरीच लंडनला, लेस्टरला आहेत. तिकडे १९७७ च्या कायद्याप्रमाणे बेकायदा घराबाहेर काढणाऱ्या मालकावर नगरपालिका स्वतः खटला भरू शकते. माझ्या डोक्यात असंच काहीतरी होतं. आपल्या महापालिकेला तसा अधिकार नाही. कुलूप काढून देणं तिच्या हातात नाही, नगरसेवकाच्याही नाही. ते आले, चार शब्द बोलले, तर मालक जरा वचकतो, इतकंच.

मग वॉर्ड ऑफिसात जायचंच नाही का? जायचं, पण कशासाठी ते ठरवून. गटार मुद्दाम तुंबवलं असेल तर तक्रार तिथेच. घरपट्टीच्या नोंदीत त्या खोल्यांपुढे भोगवटा कोणाचा लिहिलाय, त्याची नक्कल मागायची. देत नसतील तर माहिती अधिकारात मागायची, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भाड्याने दिलेल्या घराला घरपट्टी जास्त बसते म्हणून काही मालक भाडेकरू दाखवतच नाहीत, हेही तिथेच कळतं.

जुन्या वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटीस लागते. ती खरी असेल तर जीव वाचवा, बाहेर पडा. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, भिंत फुगलेली दिसली की हुज्जत घालू नये. पण नोटीस आली म्हणजे भाडेहक्क गेला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इमारत पडली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. निघण्याआधी खोल्यांचं माप, फोटो, महापालिकेच्या कागदाची प्रत, सगळं हातात ठेवा.

पाणी-वीज तोडण्याबद्दल आपल्या गुजरातेत लागू असलेल्या १९४७ च्या भाडेकायद्यात चोविसावं कलम आहे. सबळ कारणाशिवाय मालकाने या सोयी तोडल्या तर भाडेकरूला कोर्टात अर्ज करता येतो. मात्र बऱ्याच नव्या बांधकामांना हा कायदा लागू नाही, म्हणून आधी वकिलाला विचारा. २००३ च्या वीज कायद्यात मालकाबरोबर भोगवटादारालाही कनेक्शन मागायचा हक्क दिलेला आहे.

आणि वकिलाला पैसे कुठून आणायचे? हे मला तेव्हा माहीत नव्हतं याची सगळ्यात जास्त लाज वाटते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार यांनाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, फोन १५१००. दिवाळीपुऱ्याचं कोर्ट अकोट्यापासून किती लांब आहे, तुम्हीच सांगा. काकूंना मी एकदा स्कूटरवरून नेलं असतं तरी पुरलं असतं. धमक्या येत असतील, बाई एकटी असेल, तर १८१ अभयम आहेच. चौकीत दिवाणी म्हणाले तरी धाकदपटशा, घरात घुसणं, सामान फेकणं याची लेखी फिर्याद द्या आणि त्यावर तारीख घ्या.

इथे बसलेल्यांत घरमालकही आहेत, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसतात. काही भाडेकरू वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात बसलेत, दुरुस्ती करू देत नाहीत, हे खरं आहे. कोर्टाला वेळ लागतो हेही खरं. पण भाडेकरूचा हक्क संपला असला तरी त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. भाडेकरूची माहिती पोलिसांत देता ना? मग पावतीही द्या. आणि भाडेकरूंनो, मालक भाडं घेत नसेल तर "बरं झालं" म्हणून गप्प बसू नका. बँकेतून पाठवा, मनीऑर्डर करा, परत आली तर परतीचा कागद जपा.

आज आरतीनंतर मी मंडपाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. आमच्या ओळखीचे ते वकीलही यायचं कबूल झालेत. पावत्या, लाइट बिल, जुना करार, जे असेल ते घेऊन या. कोणाच्या दाराला कुलूप लागलं असेल, तर त्यांनी आधी तारीख सांगायची.